विश्लेषण : ‘मधुमेह किती वर्षांपासून?’ या एका उत्तरावर आरोग्य विम्याचा दावा का अडतो?

महाड औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बिरवाडीतून गंभीर रुग्णाला घेऊन निघालेली गाडी आधी महाडला थांबते आणि बरेचदा तिथून पनवेल-मुंबईकडे, किंवा वरंध घाट खुला असेल तर पुण्याकडे निघते. मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, ‘‘शुगर किती वर्षांपासून आहे?’’ तो कधी मुलगा असतो, कधी पुतण्या, कधी नुसता शेजारी. ‘‘असतील पाच-सहा वर्षे,’’ असे तो अंदाजाने सांगतो. ते केसपेपरवर लिहिले जाते, तिथून डिस्चार्ज समरीत उतरते आणि काही आठवड्यांनी विमा कंपनीच्या पत्रात नकाराचे कारण म्हणून परत येते. जुनाट आजारांतील अनेक वादांचे मूळ या एका वाक्यात असते.

नकाराचे प्रमाण किती?

विमा नियामक प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे आरोग्य विम्याचे दावे आले. त्यांपैकी ८३,४९३ कोटी रुपये दिले गेले. सुमारे १५,१०० कोटी रुपये पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून नामंजूर झाले, तर सुमारे १०,९३७ कोटी रुपयांचे दावे सरळ फेटाळले गेले. उरलेले प्रलंबित होते.

यातला प्रत्येक नकार अन्यायाचाच असतो असे नाही. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी हा बाह्यरुग्ण खर्च आहे आणि साधी पॉलिसी तो देत नाही. केवळ तपासण्यांसाठी रुग्णाला दाखल केले असेल, तरीही दावा टिकत नाही. डायलिसिसचे मात्र तसे नाही. ते ‘डे केअर’ उपचारात मोडते. त्यामुळे ‘रुग्ण २४ तास दाखल नव्हता’ एवढ्या कारणावर ते नाकारता येत नाही.

‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे नेमका कोणता?

पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले किंवा ज्यावर डॉक्टरांनी उपचार सुचवले, तो आधीपासूनचा आजार. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार अशा आजारासाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिनेच ठेवता येतो. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत होता. दुसरा बदल याहून मोठा आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की ‘माहिती लपवली’ या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. मध्येच विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरते ६० महिने वाढीच्या तारखेपासून मोजले जातात.

म्हणजे हिशेब सरळ आहे. मधुमेह अर्जात लिहिला तर फार तर तीन वर्षे थांबावे लागते. लपवला तर पाच वर्षे टांगती तलवार. तरीही अर्ज भरताना ‘‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल’’ असा सल्ला देणारे भेटतातच. सल्ला देणारा दाव्याच्या वेळी समोर नसतो आणि अर्जाखाली सही ग्राहकाची असते.

नूतनीकरणाचे तेच. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते. ती उलटून पॉलिसी खंडित झाली, तर प्रतीक्षेचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. कारखान्याच्या समूह विम्यात जुने आजार बहुतेकदा पहिल्या दिवसापासून धरले जातात, पण नोकरी सुटली की ते संरक्षणही सुटते. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाऊन आधीची वर्षे मोजून घेता येतात. ठेकेदार बदलला की कामगाराचा विमाही बदलतो, अशा औद्योगिक पट्ट्यात हे फारसे कुणी सांगत नाही.

न्यायालये काय म्हणतात?

सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स (२००९) या प्रकरणात विमाधारकाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार अर्जात सांगितला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया (२०२१) मध्ये चित्र उलटे होते. प्रवाशाने मधुमेह असल्याचे अर्जात लिहिले होते. अमेरिकेत उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने जुन्या आजारांकडे बोट दाखवले. आजार माहीत असताना पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराच्या नावाने दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. दोन्ही निकालांतला फरक अर्जातल्या एका रकान्याचा आहे.

केसपेपरवर चुकीचे लिहिले गेले तर?

त्या ‘पाच-सहा वर्षां’ना उत्तर कागदानेच द्यावे लागते. निदान झाले तेव्हाचा पहिला रिपोर्ट, प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर, महाडच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, कारखान्यातील वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल यांपैकी काहीही चालते. नोंद अंदाजाने झाली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तसे लेखी स्पष्टीकरण घ्यावे. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे. अडचण जुन्या कागदांची असते. जुलै २०२१ च्या पुरात महाड परिसरात घरेच्या घरे बुडाली, तिथे फायली कुठून सापडणार? पॉलिसी आणि प्रस्ताव अर्जाची प्रत तरी कंपनीकडे पुन्हा मागता येते. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असावा.

दाद कुठे मागायची?

आधी एक गैरसमज. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे होत नाही. बिल भरून नंतर परतफेड मागता येते. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. दावा फेटाळण्यापूर्वी कंपनीच्या दावे फेरतपासणी समितीची मान्यता लागते आणि कोणत्या कलमाखाली फेटाळला ते लेखी कळवावे लागते. त्यामुळे फोनवरच्या ‘‘होणार नाही’’ला काही अर्थ नाही, पत्र मागावे.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. रायगड जिल्हा लोकपालाच्या ठाणे कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात जायचे, ही अट मात्र पाळावी लागते. ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा लोकपाल देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत अंमल झाला नाही, तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये मोजावे लागतात. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, त्याची मुदत दोन वर्षे. पण तिथे दावा दाखल असेल, तर लोकपाल ते प्रकरण घेत नाहीत.

विमाच नसेल, किंवा प्रतीक्षा संपलेली नसेल तर?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जुना आजार असल्याची अडचण येत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. विस्तारानंतर आता रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि डायलिसिसही त्यात येते. मर्यादा दोन : रुग्णालय योजनेच्या यादीत हवे आणि उपचार मंजूर उपचारांपैकी एक हवा. म्हणून दाखल होण्याआधी, खासगी बिलाचे मीटर सुरू होण्यापूर्वी, रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे किंवा १५५३८८ वर विचारावे.