तणनाशक आहेच, पण पेरणीचे काय?

संपादक महोदय,

फवारणी केली की सोयाबीनमधल्या तणाचा प्रश्न मिटतो, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर अर्धवट माहितीवर उभा आहे. पेंडीमेथालिन उगवणीपूर्वी मारायचे, तेही मातीत ओल असताना. कोरड्या ढेकळांवर ते वाया जाते. इमॅझेथापायर तण दोन-चार पानांवर असताना, म्हणजे पेरणीनंतर साधारण 15 ते 20 दिवसांनी. नेमकी तेव्हाच झड लागली तर विदर्भातल्या भारी रानात पंप घेऊन पाऊल टाकता येत नाही. तोवर केना पसरतो, कांड्याकांड्यांवर मुळे धरतो आणि औषधाला दाद देत नाही.

रुंद वरंबा-सरी पेरणीचा तणाशी संबंध नाही, हे लेखातले म्हणणेही चूक. पाणी साचले की सोयाबीन पिवळे पडून खुंटते, ओळींमधली माती उघडी राहते आणि तणाला आयते ऊन मिळते. निचरा झाला, तर 45 सेंटिमीटरवरच्या ओळी लवकर मिटतात. नंतर उगवलेले तण सावलीत अडकते. सरीत तण माजते, हा आक्षेप रास्त. पण फवारणीसाठी चालायला वाटही तीच. मजुरीमुळे निंदण परवडत नाही हे खरे, मात्र डवरणी कालबाह्य ठरवण्याची घाई कशाला? नुसत्या फवारणीवर विसंबणे धोक्याचे: डायक्लोसुलम आणि इमॅझेथापायर या तणनाशकांची नावे वेगळी, पण तणावर मारा करण्याची रीत एकच. दरवर्षी तेच वापरले तर न जुमानणारे तणच रानात उरते. लेखात याचा उल्लेखही नाही.

आपला,
एक वाचक, वाशीम