अळवावरचे पाणी आणि नळ्यांचे स्टील

गळीत हंगाम संपून ओव्हरहॉलिंग निघाले, की इव्हॅपोरेटरच्या नळ्यांचा खर्च पुढे येतो. आता लेसरने पृष्ठभाग कोरलेल्या स्टेनलेस स्टीलची चर्चा सुरू आहे. सभासद बंधूंनी ती नीट समजून घ्यावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

कल्याणजवळ विठ्ठलवाडीला राहणाऱ्या एका सभासदाच्या मुलाने असा एक तुकडा आणून दाखवला. पाण्याचा थेंब टाकला की अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळतो. बघणारे खूश! पाणी चिकटत नाही म्हणजे गंज नाही आणि क्षारही धरणार नाहीत, असे लगेच बोलले गेले. आमचे मत तसे नाही.

गंमत अशी, की लेसर मारल्याबरोबर तेच स्टील उलट पाणी पसरवून घेते. पुढे काही दिवस-आठवडे हवेतले कार्बनी पदार्थ त्याच्या बारीक खाचांवर बसतात, तेव्हा कुठे ते पाणी झटकू लागते. म्हणजे हा गुण वरच्या पातळ थराचा. तो उकळत्या रसात आणि कॉस्टिकच्या धुण्यात किती टिकणार? खाचांत अडकलेली हवाही पाण्यात फार दिवस बुडवून ठेवले की निघून जाते.

गंजाचे म्हणाल, तर स्टेनलेसला वाचवते ती क्रोमियम ऑक्साइडची अतिपातळ पापुद्री. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम असते ते त्यासाठीच. लेसरच्या उष्णतेने ही पापुद्री काही वेळा सुधारते, काही वेळा बिघडते, आणि बिघडली की क्लोराइडला खाचेत आयतेच घर मिळते. विठ्ठलवाडीला वालधुनीचे कारखानी सांडपाणी आणि खाडीची दमट हवा. तिथे स्टेनलेसवरही तांबूस ठिपके दिसले तर नवल नाही. आपल्याकडे रसात क्लोराइड असतेच, वर क्षार काढायला कुणी मिठाचे आम्ल वापरले तर विचारायलाच नको.

शिवाय रस नळीच्या आतून जातो. दोन मीटर लांब नळी आतून कोरायची कशी आणि केवढ्याला, हे आधी विक्रेत्याने सांगावे.

लेसरला आमचा विरोध नाही. संचालक मंडळाने चार-सहा तुकडे पुढच्या हंगामभर आपल्याच गरम रसात टांगावेत, शेजारी साधे ३०४ आणि ३१६ ठेवावे, प्रत्येक सफाईनंतर वजन करावे, खड्डे भिंगाखाली मोजावेत. आकडे वार्षिक सभेपुढे ठेवावेत. तोवर या कामासाठी टनामागे एक पैसाही कापू नये.