ब्रॅडली हरले, अंदाजकर्ते सुटले

१/ ‘ब्रॅडली परिणाम’ ही संज्ञा निवडणूक-अंदाजांच्या चर्चेत आजही वापरली जाते. तिचे मूळ कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या १९८२च्या निवडणुकीत आहे. भारतात राज्यपाल नेमला जातो. अमेरिकेत गव्हर्नर हा जनतेने थेट निवडलेला राज्याचा कारभारी असतो.

२/ डेमोक्रॅटिक उमेदवार टॉम ब्रॅडली हे १९७३पासून लॉस एंजेलिसचे महापौर. त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. समोर रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज ड्यूकमेजियन. ब्रॅडली जिंकते, तर ते अमेरिकेतील पहिले निर्वाचित कृष्णवर्णीय गव्हर्नर ठरले असते.

३/ चाचण्यांत ब्रॅडली पुढे होते. २ नोव्हेंबरच्या रात्री ख्यातनाम चाचणीकार मर्विन फील्ड यांनी मतदानोत्तर चाचणीच्या आधारे त्यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात ७८ लाखांहून अधिक मतांत ब्रॅडली सुमारे ९३ हजारांनी हरले.

४/ मग स्पष्टीकरण पुढे आले: गोऱ्या मतदारांनी चाचणीत ब्रॅडलींचे नाव सांगितले आणि मत मात्र दुसऱ्याला दिले. म्हणजे अंदाज चुकला नाही, मतदार खोटे बोलला!

५/ हा निष्कर्ष घाईचा आहे. मतदान केंद्रांवर पडलेल्या मतांत ब्रॅडलीच पुढे होते. त्यांना हरवले ते टपाली मतांनी. १९७८पासून कॅलिफोर्नियात टपाली मतासाठी कारण देण्याची अट उरली नव्हती, आणि रिपब्लिकन पक्षाने आपल्या मतदारांच्या घरोघरी अर्ज पाठवले होते. केंद्राच्या दाराशी उभ्या असलेल्या चाचणीकाराला हा मतदार भेटणार तरी कसा?

६/ त्याच दिवशी हातबंदुकांवर निर्बंध आणू पाहणारा ‘प्रस्ताव १५’ मतदानास होता. तो फेटाळण्यासाठी ग्रामीण व अंतर्भागातील पुराणमतवादी मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडला.

७/ याचा अर्थ वंशभेद नव्हता असा मुळीच नाही. ड्यूकमेजियन यांचे प्रचारप्रमुख बिल रॉबर्ट्स यांनी ‘छुप्या’ गोऱ्या मतांचा हिशोब उघडपणे मांडला होता. त्यापायी त्यांना पद सोडावे लागले. १९८९मध्ये व्हर्जिनियात चाचण्यांत सुखरूप पुढे असलेले डग्लस वाइल्डर सात हजारांहून कमी मतांनी जेमतेम जिंकले आणि अमेरिकेचे पहिले निर्वाचित कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले. तरीही वर्ण पाहून मत देणे ही एक गोष्ट आणि चाचणीत खोटे बोलणे ही दुसरी. पहिलीचा पुरावा हा दुसरीचा पुरावा होत नाही.

८/ २००८मध्ये बराक ओबामा यांच्या आघाडीवरही याच संज्ञेची सावली पडली. निकाल मात्र चाचण्यांच्या जवळपास लागला. एका पराभूताच्या नावाने रूढ झालेल्या या शब्दाने मोजपट्टीचा दोष मोजल्या जाणाऱ्याच्या माथी मारला. शिवाय पुढच्या प्रत्येक कृष्णवर्णीय उमेदवाराची आघाडी आधीच संशयित ठरवली. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच संज्ञा स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: या नावामुळे नेमके कोण सुटले?