खालून वर वाचायचं शहर

मुंबईकरांनो, सीएसएमटीला लोकलमधून उतरून तुमच्यापैकी लाखो जण रोज बाहेर पडतात. एखाद्या दिवशी थोडे लवकर निघा, रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि वर बघा. ही मनापासूनची विनंती आहे. शहर आपल्याशी किती बोलतं आणि आपण किती कमी ऐकतो, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

स्टेशनच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. दारात तर दोघं बरोबरीने बसवलेत. आता घुमटाच्या टोकाकडे बघा. तिथे उभी आहे ती ‘प्रगती’, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली. रेल्वे आली म्हणजे उजेड आला, असं १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत सांगते. ते सांगणं सत्तेचं आहे, हे विसरू नका. घड्याळाखाली राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. तो स्वातंत्र्यानंतर हलवला आणि जागा रिकामी राहिली. मला विचाराल तर साऱ्या इमारतीत ही रिकामी जागाच सगळ्यांत जास्त बोलते. दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटींतले चेहरेही शोधा. त्यांत जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले नाना शंकरशेटही आहेत. भिंतीभर पानं, पक्षी, माकडं दिसतात. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स साहेबांचा, पण कोरीवकामात हात लागले ते इथल्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचे. म्हणून तर या विलायती कमानींवर मोर आला.

अर्थ शोधताना एक पथ्य मात्र पाळा. दिसेल त्याला मनातला अर्थ चिकटवू नका. मुंबई हायकोर्टाच्या इमारतीवर एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, हातात तराजू धरलेला माकड-न्यायाधीश कोरलाय. एका नाराज ठेकेदाराने कोर्टावर असा सूड उगवला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. गोष्ट सांगायला हरकत नाही, पण ती गोष्ट म्हणूनच सांगा. गॉथिक इमारतींवर चित्रविचित्र प्राणी कोरायची युरोपात फार जुनी रीत आहे, तेही मुलांना सांगा.

आणि फोर्टपाशी थांबू नका. बोरिवलीला एक्सरला वीरगळ आहेत, सोसायट्यांच्या गराड्यात. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. तो वाचायचा असतो खालून वर. तळाच्या पट्टीत लढाई, त्याच्या वर अप्सरा वीराला नेताहेत, आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर कलश. एक्सरच्या काही दगडांवर तर जहाजं आहेत. ओळीने निघालेली जहाजं, बाजूंनी पाण्यात बुडवलेली वल्ही, वर दाटीने उभे सैनिक. अगदी जवळ जाऊन, उन्हं तिरपी असताना बघा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात काही दिसत नाही. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात समुद्रावर झालेल्या लढाईशी बऱ्याच अभ्यासकांनी हे दगड जोडले आहेत. विमानतळ आणि मेट्रोच्या या शहराला आरमारी लढाईची इतकी जुनी चित्रं लाभलीत, आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाला त्याचा पत्ता नसावा, याचं मला वाईट वाटतं.

वीरगळ असो की दानाचा दगड, अशा अनेक जुन्या दगडांवर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ‘चंद्र-सूर्य असेपर्यंत’ हा आपल्या बोलण्यातला शब्दप्रयोग तिथे डोळ्यांनी दिसतो: हे दान, ही आठवण तोवर टिको. कोरणाऱ्याने आपल्यावर टाकलेला हा भरवसा आहे. त्यावर ऑइलपेंट फासणारे आपण कोण?

म्हणून सांगते, मुलांना मॉलऐवजी एखाद्या रविवारी सकाळी अशा ठिकाणी घेऊन जा. आधी त्यांना नुसतं बघू द्या, काय दिसतं ते त्यांच्या तोंडून येऊ द्या, मग माहिती सांगा. आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारा. गावठाणातल्या आजींना त्या दगडाचं गावातलं नाव हमखास ठाऊक असतं, ते लिहून ठेवा. दगड ॲसिडने घासू नका, सिमेंटमध्ये बसवू नका. त्यावर शेंदूर असेल तर तो कुणाच्या श्रद्धेचा आहे, तो खरवडायला जाऊ नका. नवा थर मात्र चढवू नका, असं तिथल्या मंडळींना गोडीने समजावा. आणि तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासात पाया खणताना कोरीव दगड निघाला, तर जेसीबी थांबवायला सांगा, जागेवरच फोटो काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. एकदा तो उचलून दुसरीकडे टाकला, की तो कुठल्या गावचा, कुठल्या देवळापुढचा, हे कुणालाच सांगता येत नाही.