कुलूप कसलं विकत घेताय?
मंडळी, मालवणातून कोकम, खाजं, काजू ऑनलाईन विकायचे म्हटलं की कुणीतरी हजारोंचं 'प्रीमियम' एसएसएल सर्टिफिकेट गळ्यात मारतोच. कशाला राव? लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट देतंय आणि एन्क्रिप्शन तेच! महागड्या ईव्ही सर्टिफिकेटमुळे दिसणारं कंपनीचं नाव क्रोमने २०१९ मध्येच अ‍ॅड्रेसबारमधून हटवलं, २०२३ मध्ये कुलूपही काढलं. गिऱ्हाइकाला फरक दिसणार कुठे?

२०२९ मध्ये सर्टिफिकेटची मुदत जेमतेम ४७ दिवसांवर येणार. म्हणून ते आपोआप रिन्यू करणारं होस्टिंग बघा. डोमेन स्वतःच्या नावावर, बॅकअप स्वतःकडे ठेवा. पैसे घालायचेत तर तिथे घाला. ऐन मे महिन्यात साईट झोपली, तर देवगडचा हापूस थांबत नाही, पिकतो आणि सडतो.