परसातल्या सायकलीला नवे दिवस



गावोगाव फिरताना गोठ्याच्या भिंतीला टेकलेली जाड टायरची, गिअरवाली सायकल हमखास दिसते. मुलाने हट्टाने घेतलेली. मुलगा शिकायला शहरात गेला आणि सायकल कोंबड्यांना बसायला उरली. मागच्या महिन्यात एका आबांनी विचारले, "साहेब, भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू का? वाकून चालवायची म्हणजे माझी कंबर धरते." मी म्हटले, "आबा, दोष सायकलीचा नाही, बैठकीचा आहे."

या सायकलीचे मूळ मोठे गमतीचे आहे. अमेरिकेत १९३३ साली श्विन कंपनीने फुगीर टायरची, ताठ बसून चालवायची सायकल आणली. अशा सायकलीला पुढे क्रूझर म्हणू लागले. १९७० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तसल्याच जुन्या सायकली टमालपाइस डोंगराच्या उतारावरून पिटाळल्या आणि त्यातून ही डोंगरी सायकल जन्मली. तेव्हा तिची पुन्हा क्रूझर करणे म्हणजे लेकीला माहेरी आणणेच!

आधी सांगाडा तपासा. फडक्याने पुसून हँडलखालचा आणि पायडलजवळचा जोड उजेडात पाहा. रंगात केसासारखी रेघ किंवा गंजाचा फुगवटा दिसला तर तो भंगारातच द्या. लोहचुंबक चिकटला तर सांगाडा लोखंडी. न चिकटल्यास बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला गावात वेल्डिंग करू नका. आचेने त्याची ताकद जाते.

पायडल काढताना ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. गिअरचा सगळा पसारा उतरवा. मागे आट्यांचे फ्रीव्हील असेल तर त्या जागी १८ दातांचे एकेरी फ्रीव्हील बसते. पुढे ३६ दातांच्या आसपासचे एकच चक्र ठेवा. पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते, म्हणजे सायकल सुमारे चार मीटर जाते. मळ्याच्या वाटेला एवढे पुरे. पुढचे चक्र आणि मागचे फ्रीव्हील एका ओळीत हवे, नाहीतर चेन उतरत राहील. चेनला मधोमध अर्धा इंच ढील ठेवा.

टायर घेताना फसू नका. '२६ इंची' म्हणून वेगवेगळी मापे विकली जातात. या सायकलीच्या टायरवर ५५९ हा आकडा असतो. साध्या सायकलीच्या २६ × १⅜ टायरचा आकडा ५९०. तो या रिमवर बसत नाही.

आता बैठक. मागे वळलेले, उंच हँडल आणि रुंद स्प्रिंगची सीट लावा. ताठ बसले की अंगाचा भार सीटवर येतो, म्हणून अरुंद सीट टोचते. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा, एवढी उंची ठेवा. हँडल उंच केले की ब्रेकच्या जुन्या तारा तोकड्या पडतात. त्या लांब घ्या.

हँडलच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते. ती नळीच्या आतच राहिली पाहिजे. मी स्वतः एकदा "दोन बोटांनी काय होते" म्हणून खूण बाहेर ठेवली. कालव्याच्या उतारावर हँडल हातात आले आणि मनगट दीड महिना गळ्यात बांधून हिंडलो. दोन बोटांची ती हौस फार महाग पडली. तसेच, एक ब्रेक पुरे म्हणून पुढचा काढून टाकू नका. उतारावर सायकल खरी थांबवतो तो पुढचाच.

मडगार्ड, स्टँड, कॅरिअर आणि मागे लाल परावर्तक लावा. वैरणीचा भारा, भाजीची पिशवी खुशाल न्या. दुधाचे मोठे कॅन मात्र या सायकलीवर लादू नका.

आबांची सायकल चार दिवसांत तयार झाली. परवा मळ्यात भेटले, तर पायीच आले होते. "सायकल कुठे?" मी विचारले. म्हणाले, "नातीने शाळेला नेली. आता रविवारीच माझी पाळी!"