लहान कॉलेजचा बचावपटू मोजायचा कसा?

२०१५ सालच्या फेब्रुवारीत मी न्यू जर्सीला पुतण्याकडे मुक्कामाला होतो. १ तारखेचा रविवार म्हणजे सुपर बोलचा दिवस, तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना. हा अमेरिकन फुटबॉल आपल्या फुटबॉलचा नावापुरताच नातेवाईक. खेळ मला अर्धामुर्धाच कळत होता, पण शेवटची २६ सेकंदं उरली आणि सिअ‍ॅटलच्या संघाला विजयासाठी जेमतेम एक यार्ड जमीन हवी होती, एवढं समजलं. पुतण्या म्हणाला, "काका, संपलं." आणि न्यू इंग्लंडच्या २१ नंबरच्या पोऱ्याने मध्ये झेप घेऊन चेंडू स्वतःच पकडला! सामना २८-२४ असा न्यू इंग्लंडने जिंकला.

त्या पोऱ्याचं नाव माल्कम बटलर. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. मधल्या काळात तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम केलेला, वेस्ट अलाबामा नावाच्या दुसऱ्या श्रेणीतल्या लहान कॉलेजात खेळलेला. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये व्यावसायिक संघांनी सात फेऱ्यांत २५६ खेळाडू निवडले. त्यात हा नव्हता. नुसत्या चाचणीसाठी बोलावलं आणि ठेवून घेतलं.

इतके पारखी, इतका पैसा, आणि हा मुलगा निसटला कसा? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. पारख्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांची अडचण मात्र खरी आहे.

आपल्याकडे जिल्ह्याच्या सामन्यात कुणी मॅटिंगवर आठ बळी घेतले, की निवड समितीतला जुना माणूस पहिलं काय विचारतो? "समोर कोण होतं?" तिथेही नेमकं तेच. आणि बचावपटूच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच छळतो, कारण त्याचं काम समोरच्यावर अवलंबून. पुढच्या फळीतला दांडगा मुलगा लहान कॉलेजात केवळ ताकदीवर प्रतिस्पर्ध्याला ढकलून देतो. हातांचा डाव, पावलांची चाल शिकायची त्याला गरजच पडत नाही. व्यावसायिक मैदानात समोरचा त्याच्याइतकाच दांडगा असतो, तेव्हा हे उघडं पडतं. मागच्या फळीतल्याची गोष्ट याहून फसवी. तिथे चेंडू फेकणारा अर्धा क्षण उशीर करतो, म्हणून याला चार-सहा चेंडू अलगद मिळतात. चित्रफितीत तो थोर दिसतो. त्यातलं श्रेय कोणाचं किती, हे चित्रफीत सांगत नाही. वयाचाही हिशेब असतो: चोवीस वर्षांच्या जवानाने एकोणीस वर्षांच्या पोरांना लोळवलं, तर त्याचं कौतुक किती करायचं?

मग उरतं घड्याळ. ४० यार्ड किती सेकंदांत, उंच उडी किती, वजन किती. घड्याळ खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. बटलरला ४० यार्डांना सुमारे ४.६ सेकंद लागले होते. त्याच्या जागेसाठी हे संथच. त्याचा झेल मात्र पायांच्या वेगाचा नव्हता. त्याच आठवड्यात सरावात याच चालीवर तो फसला होता, आणि सामन्यात ती मांडणी त्याने ओळखली. शिकण्याचा हा वेग कुठल्या घड्याळाने मोजायचा?

अशी आणखी नावं आहेत. टेक्सास ए अँड आय या कॉलेजचा जॉन रँडल १९९० मध्ये अंगाने लहान म्हणून ड्राफ्टमध्ये राहून गेला. २०१० मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिसऱ्या श्रेणीतल्या जॉन कॅरलचा लंडन फ्लेचर जेमतेम पाच फूट दहा इंच. १९९८ पासून सोळा हंगाम त्याने एकही सामना चुकवला नाही. पण या गोष्टी सांगताना आपण एक लबाडी करतो. असेच राहून गेलेले आणि घरीच परतलेले शेकडो, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. बहुतेक वेळा पारख्यांचा नकार बरोबरच असतो. माझा आक्षेप वेगळा आहे. मोठ्या कॉलेजच्या मुलावर बरीच निवड खर्ची पडलेली असते, म्हणून तो चुकला तरी संघ त्याला वर्ष-दोन वर्षं सांभाळतो. लहान कॉलेजच्या मुलाला चुकायला एक दुपार मिळते.

आता तर हा हिशेबच बदलला आहे. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा आली, आणि कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसण्याची अटही सुटली. जुलै २०२५ पासून मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. साहजिकच लहान कॉलेजात कोणी चमकला, की पुढच्याच हंगामात तो मोठ्या मैदानावर दिसतो. मुलाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पैसा मिळाला, शिवाय "समोर कोण होतं?" या प्रश्नाला ड्राफ्टपूर्वीच उत्तर मिळालं. लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाने मात्र दोन वर्षं खपून घडवायचं आणि दुसऱ्याने न्यायचं. त्याहून वाईट त्या मुलाचं, जो घर, आजारपण किंवा प्रशिक्षकावरची निष्ठा यासाठी तिथेच राहतो. त्याला नवा प्रश्न ऐकावा लागणार: इतका चांगला होतास, तर गेला का नाहीस? गरिबीची किंवा घरच्या ओढीची ही शिक्षा पारख्यांनी खेळाच्या खात्यात मांडू नये, एवढं मला वाटतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरी गावच्या लेनॉर-राइन कॉलेजचा काइल डगर २०२० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ३७ वा निवडला गेला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. दुसऱ्या श्रेणीतलं कॉलेज. चाचणीतली त्याची उभी उडी ४२ इंचांची! परवा फोनवर पुतण्याला विचारलं, आज तो हिकरीत इतकी वर्षं राहिला असता का रे? तो हसला. "काका, दुसऱ्या हंगामालाच त्याला उचलला असता."